निकालाआधीची मिठाई

परीक्षक मंडळाचे अध्यक्षसाहेब, तुम्ही इल्हामचा प्रबंध वाचलाच नव्हता. मी मागच्या बाकावरून सगळं पाहिलं. आमच्या फेज शहरात पीएचडीची परीक्षा चारचौघांसमोर होते. घरचे मिठाईचं ताट झाकून आणतात, ते पास झाल्याचा निकाल लागल्यावरच उघडतात.

"पोरी, आपण अजून आधुनिकच झालो नाही," तुम्ही म्हणालात, "आणि तू पॅरिसहून थेट उत्तर-आधुनिकता उचलून आणलीस? सगळी उसनवारी."

सभागृह हसलं. इल्हामने उत्तर दिलं.

"उस्ताद, 'तुला हा अधिकार कुणी दिला' असं प्रत्येक ज्ञानाला विचारायचं, हे मी पॅरिसच्या त्या पुस्तकांत शिकले. तिसऱ्या प्रकरणात मी ते आधी पॅरिसलाच विचारलंय, कारण त्यांच्या पुस्तकांत आपण कुठेच नाही. चौथ्यात आपल्या परंपरेला विचारलंय. यात उसनं काय राहिलं?"

इतकं निर्भय बोलणं त्या सभागृहात मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही तेव्हा कुठे प्रबंध उघडलात, आणि निकाल पुढे ढकललात.

तिची आई उठली. तिने ताटावरचं फडकं काढलं आणि बदामाची पहिली वडी तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती खाल्लीत. मग पदवी कशासाठी अडवलीत, ते सांगा.