गो की नो गो

हेलियम गळतीच्या मीटरवरचा शेवटचा आकडा कधी स्वस्थ बसत नाही. खोलीचं दार उघडलं तरी तो हलतो, ऊन तापलं तरी हलतो. समोरच्या कागदावर मात्र २००६च्या मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत, शनिवार, रविवार आणि सोमवार, तिन्ही दिवस तो चारच होता.

सुचेतानं कागद मॅनेजरकडे परत सरकवला. "वाचलं, अजय."

"मग बोल आता. साडेतीनला कॉल आहे. उद्या यान उडणार. सात माणसं, स्पेस स्टेशनचं सहा महिन्यांचं सामान आणि तिथली हवा शुद्ध करायची नवी यंत्रणा. तिच्यातला व्हॉल्व्ह आपला, डिझाइन तुझं. एकच शब्द विचारतील, गो की नो गो."

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या त्या ऑफिसात मीटिंगच्या खोलीत तिघंच होते. खिडकीशी रघुवीर बसला होता. चाचणीच्या कागदावर सही त्याची होती. मोबाइलच्या पडद्यावर त्याची चार महिन्यांची मुलगी विस्कटलेल्या जावळानं हसत होती.

"ह्या साहेबांनी शनिवारी मीटर बघितला आणि पुढचे दोन दिवस तोच आकडा उतरवला," अजय म्हणाला. "पण व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. तू गो म्हण. सोमवारी मी ह्याला काढतो, म्हणजे ऑडिटचंही तोंड बंद."

"त्याचं वर्क परमिट ह्या नोकरीवर आहे."

"ते त्यानं आधी बघायचं होतं."

"रघुवीर असं करणार नाही."

"सही कोणाची आहे?"

"त्याची. तरी करणार नाही."

"रीडिंगमधले निम्मे पुणेकर तुझे भाऊ लागतात वाटतं!"

"त्याला काढणार असशील, तर आधी मला काढ."

"आल्या झाशीच्या राणी!" अजय हसला, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. "सुचेता, तू बारा वर्षं इथे घालवलीस. तुझ्या व्हॉल्व्हनं वर जायची वेळ आली आणि तू एका पोरासाठी अडून बसतेस?"

"हो. अडून बसते."

अजय रघुवीरकडे वळला. "तू तरी बोल. मिठाची गुळणी धरलीस का?"

"सही माझी आहे," रघुवीर कार पार्ककडे बघत म्हणाला. "मला आणखी काही सांगायचं नाही."

"ऐकलंस?"

"ताई, तुम्ही गो म्हणा," रघुवीर हळूच म्हणाला. "व्हॉल्व्ह चांगलाच असेल."

"असेल?" सुचेताचा आवाज चढला. "वर गेल्यावर हवा गळायला लागली, तर त्या माणसांना तू हेच सांगणार? चांगला असेल म्हणून?"

त्यानं मोबाइल खिशात टाकला.

टेबलावरचा फोन वाजला. अटलांटिकच्या पलीकडून एक संथ आवाज एकेक नाव घेऊ लागला. इंधन. गो. संगणक. गो. हवामान. गो. प्रत्येक उत्तरानंतर अजयचे खांदे जरा सैल पडत होते. रघुवीरनं पहिल्यांदाच सुचेताकडे पाहिलं आणि नको, नको, अशी मान हलवली.

"यूके, एअर व्हॉल्व्ह?"

अजयनं अंगठा वर केला. सुचेतानं फोन आपल्याकडे ओढला.

"नो गो," ती म्हणाली. अजय खुर्चीतून उठला. तिनं हातानंच त्याला थांबवलं. "रविवारची आणि सोमवारची चाचणी झालेलीच नाही. रघुवीर त्या तिन्ही दिवशी बायकोच्या बाळंतपणासाठी हॉस्पिटलमध्ये होता. त्याला मीच पाठवलं होतं, तुझ्या जागी मी येते म्हणून. शनिवारी आले. पुढचे दोन दिवस मी आलेच नाही; ते आकडे मी घरी बसून लिहिले. त्यानं नंतर माझ्या भरवशावर सही केली."