चाचणीची बाटली

“वहिनी, जे दिसेल ते आधी मला सांगायचं. तुझ्या डॉक्टरांना नंतर!” धाकट्या नणंदेनं काल बजावलं आणि मी देवाशपथ हो म्हटलं.

तिला कर्करोग आहे एवढं कळलं होतं. कोणता, ते आज मीच काढणार असलेल्या एमआरआयवर दिसणार होतं. हाडांतली मज्जा सरसकट काळवंडली असेल तर एक, सुटे ठिपके असतील तर दुसरा. दुसऱ्यावरचे उपचार तिला झेपण्यासारखे होते, म्हणून मी देवाकडे ठिपकेच मागत होते.

सकाळी देवाचं नाव घेऊन यंत्र सुरू केलं. पहिल्या पेशंटआधी रोज पाण्याची बाटली आत ठेवून चाचणी घ्यायची असते.

पडद्यावर बाटली उमटली नाही. पाठीचा कणा उमटला.

मज्जा उजळ, आणि तिच्यात सुटे ठिपके! आनंदानं मी हात जोडले. मग खाली, लहानपणी झोपाळ्यावरून पडून वाकलेलं माकडहाड दिसलं. नणंदेचंच.

काचेपलीकडे बाटली एकटीच होती. मी पुन्हा चाचणी घेतली. तोच कणा, पण आता कुशीवर वळलेला.

“वहिनी, आत घेतेस की पळून जाऊ?” बाहेरच्या बाकावरून नणंद हसत ओरडली.

मी आवाज न करता खुर्ची मागे सारली आणि तिला सांगायला निघाले.