हलत्या हाताचं घड्याळ

दहाला पाच मिनिटं कमी असताना प्रज्ञानं आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडलं, ओढणीला पुसलं आणि आप्पांच्या डाव्या हातावर बांधलं. तिच्या वडिलांचा हा हात दोन वर्षांपूर्वी लकव्यानं गेला होता. उशीवर ठेवला की ठेवला तिथंच राहायचा.

"सरळ कर जरा," आप्पा म्हणाले. "तबकडी दिसली पायजे राजरत्नला फोनात."

तबकडी बघण्यासारखी होतीच. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांना आप्पांनी तीस वर्षं ग्रीस घातलं, म्हणून थोरल्या लेकानं, राजरत्ननं पुण्यात खास सांगून हे घड्याळ बनवून घेतलं होतं. एका कारागिरानं अडीच महिने छिन्नी चालवून तबकडीवर अँटेना कोरली होती. तिच्या जाळीची तारन् तार मोजून घ्यावी. खाली बारीक अक्षरांत 'आप्पांस, राजरत्नकडून', लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं तसं. भांडं घासणारीचं नाव कुणी घालत नाही, ही जगाची रीतच आहे.

घड्याळ आलं आणि तिसऱ्या दिवशी बंद पडलं. प्रज्ञा ते घेऊन नारायणगावला नुमानभाईंच्या दुकानात गेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिलं. "ताई, ह्याला सेल नाय, चावी द्यायची सोय नाय. घालणाऱ्याचा हात हलला की त्यावरच चालतंय हे. कुणाच्या हातात असतं?" तिनं सांगितलं तेव्हा नुमानभाईंनी भिंग काढलं आणि पैसे न घेता घड्याळ परत दिलं.

घरी आल्यावर आप्पांचं एकच म्हणणं. "त्याला नको सांगू. एवढं हौसेनं पाठवलंय, वाईट वाटंल."

तेव्हापासून गेले तीन महिने घड्याळ प्रज्ञाच्याच हातात होतं. भाकरी थापताना, शेण काढताना, आप्पांची कूस बदलताना, त्यांचं सगळं आवरताना. पट्टा सैल पडायचा म्हणून तिनं खिळा तापवून एक जास्तीचं भोक पाडलं होतं. रविवारी दहाला राजरत्नचा व्हिडिओ कॉल यायचा, तेवढ्यापुरतं ते आप्पांच्या हातावर चढायचं.

आज मात्र तिचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं. घोडेगावच्या मुलींच्या वसतिगृहात गृहपाल म्हणून तिची निवड झाली होती. गुरुवारपर्यंत हजर व्हायचं, आणि राहायचं तिथंच. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा तिच्या नावाचा कागद घरी आला होता, आणि तो तिनं इतक्या वेळा वाचला होता की घडीवर फाटायला आला होता. आप्पांना पुण्याला नेतो, नाहीतर त्यांना बघायला बाई लावतो, रविवारी नक्की सांगतो, असं राजरत्न म्हणाला होता.

फोन वाजला.

"जय भीम, आप्पा. आधी घड्याळ दाखवा बरं."

प्रज्ञानं फोन आप्पांच्या हाताजवळ नेला. सेकंदकाटा अँटेनेवरून तुरुतुरु फिरत होता.

"चालू आहे," राजरत्न म्हणाला आणि त्यानं खरंच डोळे टिपले. माणूस वाईट नव्हता तो. "आता सांगतो, आप्पा. हे घड्याळ हात हलला तरच चालतं. मुद्दामच तसलं करून घेतलं मी. डॉक्टर म्हणालेले, हाताला काहीतरी चाळा पाहिजे. तुम्ही टेन्शन घ्याल म्हणून बोललो नव्हतो. तीन महिने चालतंय, म्हणजे हात यायला लागलाय तुमचा."

प्रज्ञाला क्षणभर काहीच कळेना. मग सगळंच कळलं.

"दादा, अरे ते घड्याळ..."

"थांब गं, त्यांनाच सांगू दे. आप्पा, हलतो ना हात?"

आप्पांनी प्रज्ञाकडे पाहिलं. तिच्या जिवात जीव आला. रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस. तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही खोटी सही केली नाही, हे साऱ्या खोडदला ठाऊक होतं. ते बोलायची ती वाट बघत राहिली.

"हलतोय," आप्पा म्हणाले. "लई फरक पडलाय. तू काळजी नको करू."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला! घड्याळच सांगतंय," राजरत्न म्हणाला. "मग प्रज्ञा, आता मध्येच हलवायला नको त्यांना. आणि परकी बाई ठेवली तर होतंय ते मागं जाईल. तुझ्या हाताला गुण आहे बघ. एवढं वर्ष काढ. नोकऱ्या काय, येत राहतील."

प्रज्ञानं तोंड उघडलं आणि मिटलं. बापाला लेकापुढं खोटं पाडायचं म्हटलं तरी जीभ उचलावी लागते, तिची उचलली नाही. फोन बंद झाला.

"का असं बोल्लात, आप्पा?"

आप्पा पत्र्याकडे बघत राहिले. "दोन खोल्या हायेत त्याच्या. तिथं सूनबाईला माजं हागणं-मुतणं काढाय लावू का?" मग म्हणाले, "तू काय, घरचीच हायेस."

आप्पांनी धडधाकट उजवा हात पुढं आणला, चाचपडत चाचपडत बक्कल सोडलं आणि घड्याळ तिच्यासमोर धरलं.

"घे, घाल तुज्या हातात," ते म्हणाले. "बंद पडंल न्हाईतर."