अम्मनची आई

बनाबाईनं पुढं आलेला हात धरला, अंगठ्याचा सांधा दाबला आणि ओळखला. हात वर्षाराणीचा होता. तीस वर्षं बांगड्या भरणारी कासारीण ती, तोंड बघायची तिला गरजच पडत नसे. त्यात हा हात पोटच्या पोरीचा, पाळण्यात असल्यापासून तिनंच भरलेला.

रांग थांबली. मारीअम्मनच्या त्या एवढ्याशा देवळात दाटीवाटीनं बसलेल्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. रेल्वे फाटकापलीकडच्या तमिळ वस्तीत आज आडीपूरम होता, म्हणजे देवीचं डोहाळजेवणच म्हणा. त्या दिवशी अम्मनला काचेच्या बांगड्यांनी मढवायचं आणि मग त्यातल्याच बांगड्या प्रसाद म्हणून बायकांनी भरून घ्यायच्या. सकाळीच वस्तीतली पोन्नम्मा मंगळवार पेठेत बनाबाईच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"बनाबाई, आमच्यात रीत हाय. देवीचा चुडा तिच्या माहेरचा लागतो. जी बाई घेऊन येती ती त्या दिवसापुरती देवीची आई. यंदा तुम्ही चला."

पोन्नम्मा म्हणजे बनाबाईची विहीण. पण तो शब्द बनाबाईनं दोन वर्षांत तोंडातून काढला नव्हता. पोन्नम्माचा मुलगा दुरैराज शिरोलीच्या कारखान्यात लेथवर कामाला. त्याच्याशी वर्षाराणीनं रजिस्टर लग्न केलं, तेव्हा भर पेठेत बनाबाई कडाडली होती, "आंबाबाईची आण! माझ्या हातची बांगडी पुन्यांदा तुझ्या हातात चढायची न्हाई!"

राग काय, दुधासारखा उतू गेला आणि बसला. आण मात्र राहिली. पोरीला दिवस गेल्याचं कानावर आलं तशी ती आण बनाबाईला जड झाली. पहिलटकरणीचा चुडा भरायचा तो आईनं. सगळ्या पेठेच्या लेकीसुना हिच्याकडून भरून जातात आणि हिची लेक तेवढी मोकळी! जावं तर आण मोडते, आणि आंबाबाईच्या नावाची मोडलेली आण भोवणार कुणाला? पोटातल्या बाळाला. या एका भीतीनं तिनं फाटक ओलांडलं नव्हतं. आज देवीचं निमित्त झालं म्हणून ती आली. पोरीला लांबनं डोळे भरून बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि आता तो हातच हातात आला होता. सातव्या महिन्याची सूज आलेला.

"आई, नको वाटत असंल तर ऱ्हाऊ दे की," वर्षाराणी हळूच म्हणाली. "मी उठतो."

"गप बस. हात ढिला सोड."

चुडा देवीचा हाय, आपला न्हवं, असं मनाशी म्हणत बनाबाईनं हिरवी बांगडी उचलली. बांगडी पंजाच्या हाडावर अडली, तिनं घाईनं रेटली आणि कट्‌दिशी दोन तुकडे मांडीवर पडले. कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"बघितलासा? आंबाबाईनं सांगितलं!" बनाबाई बांगड्यांची पेटी आवरायला लागली. "माझ्या हातनं व्हायचं न्हाई हे. बाळाला काय झालं तर मी देवाला काय तोंड दाखवू?"

पोन्नम्मा आरतीचं ताट ठेवून तरातरा आली. चाळीस वर्षं कोल्हापुरात काढलेली बाई. तमिळ तिला देवापुढं लागायचं, भांडायला कोल्हापुरीच.

"खाली बसा! आण कुणाच्या नावाची घेतलीसा?"

"आंबाबाईच्या."

"तुमची आंबाबाई काय आन् आमची अम्मन काय, एकच न्हवं? आज तिची आई कोण हाय?"

बनाबाईचा हात पेटीच्या झाकणावरच थांबला.

"तुम्ही! मग रागाच्या भरात आई काय बोलली, ते लेक मनात धरून बसती व्हय?"

बनाबाईनं गाभाऱ्याकडं बघितलं. गळ्यापासून पायापर्यंत देवी बांगड्यांत झाकली होती, सगळ्या हिनंच सकाळी घरातून आणलेल्या. मग तिनं पोरीकडं बघितलं. वर्षाराणीच्या डोळ्यांतनं धार लागली होती.

"मी तर कवाच सोडून दिलं गं, आई," ती म्हणाली आणि तिनं दुसराही हात पुढं केला.

मग काय! बनाबाईला रडू आवरेना आणि हात थांबेना. रडत रडत तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. एकही बांगडी वाढली नाही. तमिळ बायकांनी जिभा हलवून असा काही उलूलूचा गजर केला की पुजारीबुवा दचकून बाहेर आले.

दुपारी पंगत बसली. केळीच्या पानावर चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात. लेकीच्या शेजारी बनाबाई जेवायला बसली. दोन वर्षांत अन्न असं गोड लागलं नव्हतं.

"इहीणबाई," तिनं पहिल्यांदाच हाक मारली, "रीत मात्र लाखात एक काढली हां तुमच्या लोकांनी. देवीची आई म्हणं! किती पिढ्यांची हो?"

पोन्नम्मानं तिच्या पानात आणखी एक डाव भात घातला.

"पिढ्या कुठल्या? आज सकाळचीच की. तुमच्या दारात उभी ऱ्हायलो, तवाची."