सव्वा मूठ

“आई, तू एक रात येस, न् मन्ही कंबर महिनाभर मोडस.”

देव्हाऱ्यातल्या कानबाईच्या नारळाकडे बघत वत्सलाबाई पुटपुटली. कानबाईचा एका रात्रीचा सण उद्यावर आला होता. पुढ्यात सूप, शेजारी निवडलेल्या गव्हाची पाटी. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, एक भरून आणि वर पाव. तो दळून आणायचा, उद्या त्याचे रोट करायचे आणि घरच्यांनीच खाऊन संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाहीत.

“देवीसंगे भांडी ऱ्हायनी का, अक्का?”

शेजारची रमिलाबाई चाळणी परत द्यायला आली होती. तिने घरभर नजर फिरवली. भिंतींना नवा चुना, दांडीवर धुतलेल्या गोधड्या, फळीवर पितळी डब्यांची झगझगीत रांग. परसात लेक हेमांगी राखेने शेवटचा हंडा घासत होती. जावई न्यायला कधी येणार, असं रमिलाबाईने सहज विचारल्यासारखं विचारलं.

राखी झाली की, वत्सलाबाईने सांगून टाकलं. याआधी तिने दिवाळी सांगितली होती, मग संक्रांत. लेक आखाजीच्या सणाला माहेरी आली होती, चार दिवसांसाठी, एक पिशवी घेऊन. ती गेल्या सालची आखाजी. यंदाचीही होऊन गेली. घरात कोणी विचारत नव्हतं, कोणी सांगत नव्हतं.

रमिलाबाई गेली. वत्सलाबाई भिंतीकडे बघत बसली. चुना कोणी मारला? गोधड्या कोणी बडवल्या? खरं तर यंदा तिच्या कंबरेला काहीच झालं नव्हतं. कुरकुर आपली सवयीची. गेल्या कानबाईलाही सगळे रोट हेमांगीनेच थापले, सगळ्यांना वाढले आणि स्वतः कोपऱ्यात बसून सकाळची भाकर खाल्ली. कोणाच्या घशात काही अडकलं नाही.

हात जोडायला हवेत, असं तिला वाटलं. देव्हाऱ्याकडे तोंड करून की परसाकडे, एवढंच कळेना.

तेवढ्यात धुडकू हातपाय धुऊन आला. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून नावं घ्यायचं काम त्याचं. त्याने आधी स्वतःचं घेतलं, मग तिचं, मग सुरतेला असलेल्या ललितचं, धीरजचं, दोघी सुनांचं, तिघा नातवंडांचं. दर नावाला एक मूठ सुपात पडली, वर पाव पडली.

“झायात नऊ,” धुडकू म्हणाला आणि उठायला गुडघ्यावर हात टेकला.

वत्सलाबाईची मूठ पुन्हा पाटीत गेली होती.

“हाई मूठ कोनी?”

परसातलं घासणं थांबलं.

“हेमांगीनी.” ती मोठ्याने बोलली, परसापर्यंत जाईल इतकं. “ती आते सासरे जावाव नही. तुमले बी माहीत शे, माले बी माहीत शे.”

आणि तिने मूठ सुपात उघडली.

धुडकू पुन्हा मांडी घालून बसला.

“वरनी पाव ऱ्हायनी,” तो म्हणाला. “टाक.”