मापाचा स्वेटर

विणकामाच्या पुस्तकातली मोराची नक्षी इंदुमतीबाईंनी सुनेपुढे धरली. "छान आहे, आई," सून नेहमीसारखंच म्हणाली.

"मग मापाला अंगात नीट बसणारा स्वेटर आण."

सुनेने आणला तो बाईंनी जुना म्हणून टाकलेला, साधा राखाडी, कोपरावर विरलेला. "हाच रोज घालते. खिशात किल्ल्या, मोबाइल, सगळं मावतं."

"आणि मी तुला विणलेले तीन?"

"जपून ठेवलेत."

बाईंचा चेहरा उतरला. त्या नक्ष्यांसाठी डोळे फोडून घेतले होते त्यांनी. मग विरलेल्या कोपरावरून हात फिरवत त्यांनी पुस्तक मिटलं.

"खिसे किती खोल हवेत?"

आठ वर्षं नुसतं 'छान आहे' म्हणणारी सून चटकन म्हणाली, "मनगटापर्यंत. आणि गळा मोठा ठेवा, आई. त्या तिन्हींत माझे कान अडकतात."