सूचना पाळत नाहीत

आजपासून अतिदक्षता विभागातल्या राऊंडला घरचं माणूसही हवं, असं ठरलं आणि ती पहिल्यांदाच डॉक्टरांच्या घोळक्यात नवऱ्याच्या खाटेजवळ उभी राहिली. त्यांच्या बेशुद्धीचा नववा दिवस होता. मोठे डॉक्टर वाकून म्हणाले, “काका, बोट हलवा बघू.” बोट जागचं हललं नाही. सहायक डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘सूचना पाळत नाहीत.’ ते वाचून तिला राहवेना. “लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझी एकही पाळलेली नाही. उलट्या खोपडीचे आहेत हो. मी सांगून बघू?” डॉक्टर बाजूला सरले. तिने घसा खाकरून स्वयंपाकघरातला आवाज लावला. “अहो, ऐकलंत का? बोट अजिबात हलवायचं नाही. सांगून ठेवते.” सगळे चादरीकडे बघत राहिले. बोट सावकाश वर आलं. सहायक डॉक्टर कागदावरचं ते वाक्य खोडायला लागले. “राहू द्या,” डोळे पुसत ती म्हणाली, “बरोबरच लिहिलंय.”